अध्यक्ष एका पक्षाचा, संसद दुसऱ्या पक्षाची: अमेरिकेतल्या विभागलेल्या सत्तेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सरकारी कचेऱ्यांना टाळं लागलं, कर्जमर्यादेवरून बाजार हादरला, न्यायाधीशाची नेमणूक वर्षभर रखडली, अशा बातम्या आल्या की एक प्रश्न हमखास येतो: एवढा बलाढ्य अध्यक्ष, मग त्याला खर्चाचा कायदा का मंजूर करून घेता येत नाही? अशा वेळी बहुतेकदा संसदेचं किमान एक सभागृह विरोधी पक्षाच्या हातात असतं. मग रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट हे दोन्ही पक्ष प्रत्येक विषयावर एकच हिशेब मांडतात: तोडगा निघण्यात आपला फायदा आहे, की मुद्दा निवडणुकीपर्यंत पेटता राहण्यात? पुढची बहुतेक उत्तरं या हिशेबाभोवती फिरतात.

हे मुळात घडतं कसं?

अमेरिकी मतदार अध्यक्ष वेगळा निवडतो, प्रतिनिधिगृहातला आपला सदस्य वेगळा आणि सिनेटर वेगळा. अध्यक्षाची मुदत ४ वर्षं. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ सदस्यांची २ वर्षं. सिनेटच्या १०० सदस्यांची ६ वर्षं, पण दर २ वर्षांनी त्यांतल्या साधारण एक तृतीयांश जागांचीच निवडणूक होते. त्यामुळे अध्यक्ष निवडून आला त्या दिवशीचा जनमताचा कौल दोन वर्षांत पालटू शकतो, आणि तो पालटतोच. गेल्या शंभर वर्षांत मध्यावधी, म्हणजे अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या, निवडणुकीत प्रतिनिधिगृहातल्या अध्यक्षाच्या पक्षाच्या जागा वाढल्या त्या फक्त १९३४, १९९८ आणि २००२ मध्ये. १९६९ नंतरच्या बहुतांश काळात अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं एकाच पक्षाकडे नव्हती. तिथे हीच नेहमीची स्थिती आहे.

आपल्याकडे असं होऊ शकतं का?

दिल्लीत नाही. लोकसभेत बहुमत गेलं की पंतप्रधानाचं सरकारच जातं. राज्यसभेत मात्र त्याची झलक दिसते. भूसंपादन कायद्यातल्या दुरुस्त्या मार्च २०१५ मध्ये लोकसभेने मंजूर केल्या, पण राज्यसभेत सरकारकडे संख्याबळ नव्हतं. अध्यादेश पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि शेवटी ऑगस्टमध्ये तो विषय सोडून द्यावा लागला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून जवळचं उदाहरण माहीत आहे: थेट जनतेतून निवडून आलेला नगराध्यक्ष. ही पद्धत २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि नगरसेवकांचं बहुमत दुसऱ्या पक्षाचं झालं, की ठराव अडतात, सभा गोंधळात संपतात आणि शहरातल्या खड्ड्यांचं खापर दोन्ही बाजू एकमेकांवर फोडतात. वॉशिंग्टनमध्ये चालतं ते याच जातीचं राजकारण, फक्त पणाला लागलेल्या गोष्टी फार मोठ्या असतात.

विरोधकांच्या ताब्यात सभागृह गेलं की नेमकं काय बदलतं?

सर्वांत आधी विषयपत्रिका. कोणतं विधेयक मतदानाला येणार हे बहुमतवाला पक्ष ठरवतो, त्यामुळे अध्यक्षाचं आवडतं विधेयक हरत नाही, ते पटलावर येतच नाही. दुसरं म्हणजे समित्या. समित्यांची अध्यक्षपदं विरोधकांकडे जातात, त्यांना साक्षीदार बोलावता येतात, कागदपत्रं मागवता येतात, आणि मंत्र्यांना कॅमेऱ्यासमोर तासन् तास उत्तरं द्यावी लागतात. कायदा न करताही अध्यक्षाला जेरीस आणण्याचा हा मार्ग आहे.

तिसरी चाल जास्त धूर्त. अध्यक्ष नक्की नाकारणार हे ठाऊक असलेलं, पण लोकांना आवडेल असं विधेयक मुद्दाम मंजूर करून त्याच्या टेबलावर ठेवायचं. त्याने सही केली तर श्रेय संसदेचं. नाकारलं तर प्रचारात सांगायला मुद्दा तयार. मे २००७ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी इराकमधून सैन्य मागे घेण्याचं वेळापत्रक जोडलेलं खर्चाचं विधेयक परत पाठवलं. डेमोक्रॅट नेत्यांनाही ते परत येणार हे माहीत होतं. युद्ध कोणाला चालू ठेवायचं आहे, याची नोंद मात्र मतदारासमोर झाली.

अध्यक्षाकडे नकाराधिकार आहे, मग त्याला काळजी कसली?

नकाराधिकार थांबवण्यासाठी उत्तम, घडवण्यासाठी निकामी. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि तेवढी सहसा जमत नाहीत. त्यांचे वडील थोरले बुश यांनी ४४ विधेयकं नाकारली, त्यांतला एकच नकार संसदेने मोडला. पण जेराल्ड फोर्ड यांचे १२ नकार मोडले गेले. वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांना पद सोडावं लागल्यानंतर त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचं संसदेतलं बळ फारच घटलं होतं.

नकाराधिकाराचा खरा उपयोग वाटाघाटीत होतो. १९९६ च्या कल्याण योजना सुधारणेचं उदाहरण घ्या. रिपब्लिकन संसदेने पाठवलेला मसुदा डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दोनदा परत पाठवला. तिसऱ्या वेळी त्यात काही सवलती आल्या आणि २२ ऑगस्ट १९९६ रोजी, निवडणुकीच्या अडीच महिने आधी, त्यांनी सही केली. त्यांच्याच पक्षातले अनेक जण त्यामुळे दुखावले. गरीब कुटुंबांची हमी काढून घेणारा तो कायदा मलाही पटत नाही, पण डावपेच म्हणून तो समजून घ्यायलाच हवा: विरोधकांचा सर्वांत लोकप्रिय मुद्दा आपल्या सहीने आपल्या नावावर करून घ्यायचा. स्वतःच्या पक्षाच्या आणि विरोधकांच्या भूमिकांपासून वेगळी, मतदाराला रुचेल अशी तिसरी जागा शोधण्याचा सल्ला त्यांना त्यांचे राजकीय सल्लागार डिक मॉरिस यांनी दिला होता.

कामच न करणाऱ्या संसदेविरुद्ध लढून जिंकलेला अध्यक्ष कोण?

हॅरी ट्रूमन. १९४६ मध्ये दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे गेली आणि १९४७ चा कामगार संघटनांवर बंधनं घालणारा टॅफ्ट-हार्टली कायदा तर त्यांचा नकार मोडून मंजूर झाला. १९४८ च्या उन्हाळ्यात ट्रूमन हरणार असंच सगळे धरून चालले होते. रिपब्लिकन पक्षाने अधिवेशनात जाहीरनामा मंजूर केला, त्यात घरबांधणीपासून अनेक आश्वासनं होती. ट्रूमन यांनी त्यांना खिंडीत गाठलं. जुलैत संसदेचं खास अधिवेशन बोलावलं आणि सांगितलं, तुमचंच बहुमत आहे, जाहीरनाम्यात लिहिलंय ते करून दाखवा. अधिवेशनातून फारसं काही निघालं नाही. ट्रूमन ‘काहीच न करणारी संसद’ म्हणत रेल्वेने देशभर फिरले, रिपब्लिकन उमेदवार थॉमस ड्युई यांना हरवलं आणि दोन्ही सभागृहंही परत मिळवली.

एक गोष्ट या कथेत विसरली जाते. याच संसदेने युरोपच्या पुनर्उभारणीची मार्शल योजना मंजूर केली, आणि त्यात रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांचा मोठा वाटा होता. घरच्या प्रश्नांवर कुस्ती आणि परराष्ट्र धोरणात साथ, हे दोन्ही एकाच वेळी चाललं.

शटडाउन आणि कर्जमर्यादेचा पेच, हे एकच का?

नाही, आणि गफलत फार होते. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोपर्यंत खर्चाला मंजुरी मिळाली नाही तर त्या त्या खात्यांचं काम थांबतं: हा शटडाउन. सैनिक, विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी यांना त्या काळात पगाराविना राबावं लागतं. कर्जमर्यादा वेगळी. आधीच मंजूर झालेला खर्च भागवण्यासाठी सरकारने किती कर्ज उचलावं याची ती कमाल रेषा. ती वाढवली नाही तर जगातला सर्वांत मोठा कर्जदार देणी चुकवू शकतो.

पहिल्यात नुकसान होतं आणि भरून निघतं. दुसऱ्यात काय होईल हे कोणी करून पाहिलेलं नाही. २०११ मध्ये बराक ओबामा आणि नवं रिपब्लिकन प्रतिनिधिगृह यांच्यात २ ऑगस्टला, अगदी कडेलोटावर तडजोड झाली, तरी तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च मानांकन एका पायरीने खाली आणलं. २०२३ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. तेव्हाचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३१४ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर झालं आणि बाजूने पडलेल्या मतांत सभापतींच्या रिपब्लिकन पक्षापेक्षा अध्यक्ष बायडेन यांच्या पक्षाची मतं जास्त होती.

शटडाउनचा फायदा कोणाला होतो?

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, या समजुतीवर ही चाल उभी आहे. नाक दाबणाऱ्याच्या हाती मात्र क्वचितच काही लागतं.

नोव्हेंबर १९९५ मध्ये ५ दिवस आणि नंतर डिसेंबरच्या मध्यापासून २१ दिवस सरकार बंद राहिलं. सभापती न्यूट गिंग्रिच यांनी रिपब्लिकनांना ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकून दिलं होतं. क्लिंटन नमतील असा त्यांचा होरा होता. क्लिंटन नमले नाहीत. वृद्धांच्या आरोग्यविम्यावर, शिक्षणावर कात्री चालवणारे हे लोक, असं चित्र त्यांनी लोकांसमोर ठेवलं आणि पाहण्यांत दोष रिपब्लिकनांवर गेला. २०१३ मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा रोखण्यासाठी १६ दिवस ताणून धरलं गेलं, कायदा जागच्या जागी राहिला. डिसेंबर २०१८ पासूनच्या ३५ दिवसांच्या बंदमध्ये अडवणारा अध्यक्षच होता. डोनाल्ड ट्रम्प यांना मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते. सीमेच्या सुरक्षेसाठी बंद करायची जबाबदारी मी अभिमानाने घेईन, असं ते कॅमेऱ्यासमोर आधीच बोलून बसले होते. शेवटी मिळाले १.३७५ अब्ज.

प्रत्येक वेळी जो जास्तीचं काही मागत होता, तो हरला. चालू आहे ते चालू ठेवा म्हणणाऱ्याची बाजू लोकांना समजायला सोपी असते. तरीही चाल पुन्हा पुन्हा खेळली जाते, कारण ज्या सदस्याला फक्त स्वतःच्या पक्षाच्या, उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीची भीती आहे, त्याच्यासाठी लढताना दिसणं हेच पुरेसं असतं. पगार थांबलेल्या लाखो कर्मचाऱ्यांच्या घरात त्या महिन्याचं भाडं कुठून येणार, हा विचार त्या हिशेबात बसत नाही, आणि या सगळ्या प्रकारातलं मला सर्वांत असह्य वाटतं ते हेच.

पण २०२५ मध्ये सगळी सत्ता रिपब्लिकनांकडेच होती, तरी विक्रमी शटडाउन कसा झाला?

सिनेटच्या नियमामुळे. तिथे बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात. एवढ्या जागा कोणत्याही पक्षाकडे क्वचितच असतात, म्हणून अल्पमतातला पक्षही अडवू शकतो. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असा ४३ दिवसांचा बंद आरोग्यविम्याच्या अनुदानावरून झाला आणि काही डेमोक्रॅट सिनेटरांनी वेगळी वाट धरल्यावर सुटला.

या नियमाला एक पळवाट आहे. कर आणि खर्चाशी संबंधित विधेयक १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यातल्या खास प्रक्रियेने साध्या बहुमतात मंजूर करता येतं. म्हणून सगळी सत्ता हाती असलेली पहिली दोन वर्षं प्रत्येक अध्यक्ष आपलं मोठं काम त्याच वाटेने रेटतो: २०१७ ची करकपात, २०२२ चा हवामान आणि औषधांच्या किमतींचा कायदा, जुलै २०२५ चा ट्रम्प यांचा महाकाय कर-खर्च कायदा. मध्यावधीनंतर हे दार बंद होईल, हे त्यांना ठाऊक असतं.

पूर्वी दोन्ही पक्ष मिळून काम करत असत. आता का होत नाही?

नेते तेव्हा सज्जन होते आणि आता नाहीत, हे उत्तर मला अपुरं वाटतं.

१९५५ ते १९९५ अशी सलग ४० वर्षं प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडे होतं. रिपब्लिकन सदस्याला बहुमताचं स्वप्नही पडत नसे. मग त्याने करायचं काय? बहुमतवाल्यांशी बोलून आपल्या मतदारसंघासाठी, आपल्या विचारांसाठी जे पदरात पडेल ते घ्यायचं. रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सॅम रेबर्न आणि लिंडन जॉन्सन या डेमोक्रॅट नेत्यांबरोबर राज्य केलं, १९५६ चा महामार्ग कायदा त्यातून आला. निक्सन यांच्या काळात, पूर्ण विरोधी संसद असताना, पर्यावरण संरक्षण संस्था आणि १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला.

दुसरं कारण असं, की पक्ष आतून मिश्र होते. दक्षिणेतले पुराणमतवादी डेमोक्रॅट आणि ईशान्येकडचे उदारमतवादी रिपब्लिकन, असे दोन्हीकडे मोठे गट होते. रोनाल्ड रेगन यांनी १९८१ ची करकपात डेमोक्रॅट प्रतिनिधिगृहातून मंजूर करून घेतली ती दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांना फोडून. आज असे फोडता येण्याजोगे सदस्य हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरलेत.

आणि १९९४ पासून बहुमत सतत डळमळतंय. पुढच्या निवडणुकीत सभागृह आपलं होऊ शकतं, हे दोन्ही पक्षांना दर वेळी दिसतं. मग आज अध्यक्षाला यश का मिळवून द्यायचं? ऑक्टोबर २०१० मध्ये सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांनी ओबामा एकाच मुदतीचे अध्यक्ष ठरावेत हे आपलं सर्वांत महत्त्वाचं उद्दिष्ट असल्याचं उघड सांगितलं. लोकांना ते धक्कादायक वाटलं, पण हिशेब त्यांनी प्रामाणिकपणे मांडला होता. विधेयकाला दोन्ही पक्षांची मतं पडली की मतदाराला ते चांगलं वाटतं आणि श्रेय अध्यक्षाला जातं. एकाही रिपब्लिकनाने हात वर केला नाही तर तेच विधेयक वादग्रस्त दिसतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हे लख्ख दिसलं. जेम्स लँकफर्ड या पक्क्या पुराणमतवादी रिपब्लिकन सिनेटरने सीमा सुरक्षेचा कडक मसुदा वाटाघाटी करून आणला. निवडणुकीच्या वर्षात बायडेन यांना हे यश नको म्हणून ट्रम्प यांनी विरोध केला आणि मसुदा सिनेटमध्येच कोसळला.

मग विभागलेल्या सत्तेत मोठं काही घडतच नाही?

घडतं, आणि कधी कधी जास्त टिकाऊ घडतं. १९८३ मध्ये निवृत्तिवेतनाची योजना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. रेगन आणि सभापती टिप ओनील यांनी ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या आयोगाच्या आडोशाने तडजोड केली: कर वाढवण्याचा दोष आणि निवृत्तीचं वय ६५ वरून हळूहळू ६७ करण्याचा दोष दोघांनी वाटून घेतला. एकट्या पक्षाला हे झेपलं नसतं. अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा, थोरले बुश आणि डेमोक्रॅट संसद यांचा.

संकटातही हिशेब बदलतो. २९ सप्टेंबर २००८ रोजी बँका वाचवण्याचं ७०० अब्ज डॉलरचं विधेयक प्रतिनिधिगृहाने २२८ विरुद्ध २०५ असं फेटाळलं, बाजार कोसळला, आणि ३ ऑक्टोबरला तेच सुधारून मंजूर झालं. दोन्ही वेळा धाकट्या बुश यांच्या विधेयकाला जास्त मतं विरोधी डेमोक्रॅटांची होती. मार्च २०२० मध्ये कोविडच्या मदतीचा कायदा सिनेटने ९६ विरुद्ध ० मतांनी केला. महाभियोगाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ डिसेंबर २०१९ रोजी, त्याच डेमोक्रॅट प्रतिनिधिगृहाने ट्रम्प यांचा मेक्सिको-कॅनडा व्यापार करार मंजूर केला होता. कामगार संघटनांना हव्या त्या दुरुस्त्या त्यात आल्या होत्या, मग अडवायचं कशाला?

न्यायाधीशांच्या नेमणुकीत सिनेट इतकी महत्त्वाची का?

कारण तिथे प्रतिनिधिगृहाचा संबंध नाही आणि नेमणूक आयुष्यभराची असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया वारले. ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव दिलं. रिपब्लिकन सिनेटने सुनावणीच घेतली नाही; निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या, हे कारण. २०२० मध्ये सिनेट आणि अध्यक्ष दोन्ही रिपब्लिकन असताना एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक मतदानाच्या आठ दिवस आधी झाली. तत्त्व चार वर्षांत बदललं नव्हतं, संख्याबळाची मांडणी बदलली होती.

संसद ऐकत नसेल तर अध्यक्ष स्वतःच आदेश काढू शकतो का?

काढतो, पण त्याचं आयुष्य पुढच्या अध्यक्षापर्यंत किंवा पुढच्या न्यायालयापर्यंत. लहानपणी अमेरिकेत आलेल्या विनाकागदपत्र तरुणांना ओबामांनी २०१२ मध्ये आदेशाने दिलासा दिला. अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या मुलांच्या विनाकागदपत्र पालकांसाठीची २०१४ ची योजना न्यायालयात अडली ती अडलीच. ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये आणीबाणी जाहीर करून भिंतीसाठी पैसा वळवला, आणि विरोधाचा ठराव संसदेने केल्यावर तो नाकारला.

अनेक मराठी घरांना ठाऊक असलेला एक नियम याच काळातला आहे. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकांच्या जोडीदारांना कामाची परवानगी देणारा एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) चा नियम मे २०१५ मध्ये लागू झाला, तेव्हा दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे होती. तो संसदेने केलेला कायदा नसल्याने त्यावर टांगती तलवार राहिली.

देशवार मर्यादा हटवण्याचं विधेयक का अडलं?

ग्रीन कार्डासाठी एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली. जुलै २०१९ मध्ये डेमोक्रॅट प्रतिनिधिगृहाने ही मर्यादा हटवण्याचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. रिपब्लिकन सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये वेगळ्या अटींसह आपला मसुदा एकमताने मंजूर केला. दोन मसुदे जुळवायला वेळच उरला नाही. जानेवारीत त्या संसदेची मुदत संपली आणि दोन्ही रद्द झाले. हे वैर नव्हतं. कोणत्याही पक्षाला ते तातडीचं वाटलं नाही, आणि अशा सत्तेत तातडीचं न वाटणारं काम मरतं.

शटडाउनमध्ये व्हिसाचं काय होतं?

नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा अर्जदारांच्या शुल्कावर चालते, म्हणून ती बहुतांशी चालू राहते. पण एच-१बी च्या अर्जाआधी कामगार खात्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या खात्याचा पैसा थांबला की तेही थांबतं. २०१३ मध्ये आणि २०२५ मध्येही तसं झालं. २०१८-१९ मध्ये या खात्याचा खर्च आधीच मंजूर होता, म्हणून फरक पडला नाही. बातमीत कोणती खाती बंद आहेत ते आधी बघावं.

भारत-अमेरिका अणुकरार अशाच काळात झाला ना?

हो. २००८ मध्ये बुश यांच्यासमोर डेमोक्रॅट संसद होती. तरीही करार प्रतिनिधिगृहात २९८ विरुद्ध ११७ आणि सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. त्याच करारावरून जुलैत इकडे डाव्यांनी पाठिंबा काढला आणि मनमोहन सिंग सरकार २७५ विरुद्ध २५६ असं जेमतेम तरलं. बुश हरले असते तर करार गेला असता, अध्यक्षपद राहिलं असतं. आपल्याकडे सरकारच गेलं असतं.

विरोधी सभापतीचं सर्वांत मोठं दुखणं कोणतं?

अध्यक्षापेक्षा स्वतःचाच पक्ष. अध्यक्षाशी तडजोड केली की आतले कडवे म्हणतात विकला गेला. रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांनी २०१५ मध्ये पद सोडलं. नंतरचे रिपब्लिकन सभापती केव्हिन मॅकार्थी मतदानाच्या १५ व्या फेरीत निवडून आले होते; डेमोक्रॅटांच्या मतांनी सरकार चालू ठेवल्यावर काही दिवसांतच, ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, २१६ विरुद्ध २१० मतांनी त्यांना हटवलं गेलं. स्वपक्षाची फक्त आठ मतं त्यांच्याविरुद्ध गेली, बाकीची विरोधकांची.

इतर देशांत काय होतं?

फ्रान्समध्ये संसद विरोधकांकडे गेली की पंतप्रधानही विरोधकांचा होतो. १९८६-८८, १९९३-९५ आणि १९९७-२००२ असा तीनदा हा संसार झाला. अध्यक्ष मितराँ यांनी १९८६ मध्ये पंतप्रधान शिराक यांच्या खासगीकरणाच्या अध्यादेशावर सही नाकारली, पण संसदेत ते होऊ दिलं आणि स्वतः वादापासून दूर, देशाचे वडीलधारे म्हणून उभे राहिले. रोजचा कारभार आणि त्याचा राग पंतप्रधानाच्या वाट्याला. असे तीन पंतप्रधान, शिराक १९८८ मध्ये, बालादूर १९९५ मध्ये, जोस्पँ २००२ मध्ये अध्यक्षपदासाठी लढले आणि तिघेही हरले.

दक्षिण कोरियात याचं भीषण टोक दिसलं. अध्यक्ष यून सुक-योल यांच्यासमोर सुरुवातीपासून विरोधी संसद होती आणि एप्रिल २०२४ नंतर ती आणखी बळकट झाली. ते विधेयकं नाकारत राहिले, संसद अधिकाऱ्यांवर महाभियोग आणत राहिली, अर्थसंकल्प कापला गेला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्यांनी लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेत शिरले असताना खासदारांनी आत पोहोचून १९० विरुद्ध ० मतांनी तो रद्द करायला लावला. ११ दिवसांनी महाभियोग मंजूर झाला, एप्रिल २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केलं.

अमेरिकेच्या बातम्या वाचताना कोणते आकडे जवळ ठेवावेत?

प्रतिनिधिगृहात बहुमताला २१८. सिनेटमध्ये नेमणुका आणि खास अर्थसंकल्पी प्रक्रियेसाठी ५१, किंवा ५० अधिक उपाध्यक्षाचं मत. बाकीच्या विधेयकांसाठी ६०. अध्यक्षाचा नकार मोडायला, सगळे हजर असतील तर, २९० आणि ६७. महाभियोगात दोषी ठरवायलाही सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर एकाही अध्यक्षाच्या बाबतीत ती जमलेली नाहीत.